पूरपट्ट्यातलं घर, शेत आणि विमा: पाणी येण्याआधी आणि ओसरल्यावर नेमकं काय करायचं

महापूर ओसरला की शिरोळ, करवीर, पलूस, मिरज तालुक्यांतल्या पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पंचनामा झालाय की, आता विमा येईल." पंचनाम्यातून विमा येत नाही. पंचनामा होतो तो शासनाच्या मदतीसाठी. विम्याचा क्लेम तुम्ही स्वतः, वेगळ्या अर्जानं, पॉलिसी देणाऱ्या कंपनीकडे करायचा असतो. हे कळेपर्यंत भिंती धुऊन झालेल्या असतात, भिजलेल्या गाद्या उकिरड्यावर गेलेल्या असतात आणि सर्व्हेअरला (विम्यासाठी नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला) दाखवायला काही उरलेलं नसतं.

दुसरी चूक याच्याही आधी होते. पुराचा अंदाज आपण वडीलधाऱ्यांच्या आठवणीवर बांधतो आणि विम्याचा विचार पाणी पात्राबाहेर पडल्यावर करतो. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमानं दिलेत त्याच क्रमानं करा. पहिले सहा पावसाळ्याआधीचे आहेत. हा लेख पंचगंगा, वारणा आणि कृष्णाकाठच्या गावांना धरून लिहिलाय.

## टप्पा १: आपल्या उंबऱ्याचा फूट काढा

बातमीत "पंचगंगा ४३ फुटांवर" असं येतं तेव्हा तो आकडा कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचा असतो. तिथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. या दोन पट्ट्यांचा शून्य एक नाही. म्हणजे आयर्विनचे ४५ फूट आणि राजारामचे ४५ फूट यांची तुलना करण्यात अर्थ नाही. तरी ती दर पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर जोरात चालते.

तुम्हाला हवाय तो तिसराच आकडा: जवळच्या पट्टीवर किती फूट झाले की पाणी आपल्या उंबऱ्याला लागतं. तो कुठल्याही कार्यालयात मिळत नाही, स्वतः काढावा लागतो.

१. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांच्या खुणा गावात शोधा. देवळाची भिंत, शाळेचा व्हरांडा, जुन्या वाड्याचा दगडी जोता. एका माणसाच्या आठवणीवर जाऊ नका, दोन वेगवेगळ्या घरांतून खात्री करा.

२. त्या खुणेपासून आपल्या उंबऱ्यापर्यंतचा फरक गवंडी वापरतात त्या पारदर्शक पाण्याच्या नळीनं मोजा. डोळ्यांचा अंदाज दोन-अडीच फुटांनी सहज चुकतो.

३. त्या दिवशी पट्टीवर किती पाणी होतं ते समोर लिहा. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर गेलं. आयर्विनला मात्र २०१९ चाच पूर मोठा होता, ५७ फुटांच्या वर.

इथंच थोडं थांबा. कोल्हापूरकराचा सर्वात मोठा पूर २०२१ चा आणि सांगलीकराचा २०१९ चा. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते, वारणा त्याआधी हरिपूरजवळ मिळालेली असते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगवटा धरतं. त्यामुळे शिरोळ तालुक्यातल्या माणसानं दोन्ही पट्ट्या बघितल्याच पाहिजेत. राजाराम उतरतोय म्हणून निर्धास्त झालेल्या घरात दुसऱ्या दिवशी पाणी चढलेलं असतं.

४. आता तक्ता करा. पहिल्या रकान्यात पट्टीवरचे फूट. दुसऱ्यात त्या पातळीला काय बुडतं: मोटारीचा पेटीबोर्ड, मळीतला (नदीकाठच्या गाळाच्या रानातला) ऊस, गावाबाहेरचा रस्ता, गोठा, उंबरा. तिसऱ्यात त्याआधी काय हलवायचं.

तक्त्यातली सर्वात महत्त्वाची ओळ रस्त्याची. आपल्या भागात घरात पाणी येण्याआधी रस्ता जातो. निघायची वेळ रस्त्यावरून ठरवा.

सावधान: पट्टीवर एक फूट चढलं म्हणजे दारातही एक फूट चढलं असं होत नाही. पाणी पात्राबाहेर पडून रानात पसरलं की पट्टी इंचाइंचानं चढते, पण सखल गल्लीत ओढ्याच्या वाटेनं पाणी पाठीमागून शिरतं. बऱ्याच घरांत पूर नदीकडून येत नाही, ओढ्याकडून येतो. ओढ्याचा उलटा मार्ग तक्त्यात लिहा.

आणखी एक. कोयनेतून किती क्युसेक सोडलं एवढ्यावर नजर ठेवून बसू नका. धरणाखाली आणि धरणाबाहेर पडणारा पाऊसही याच नदीत येतो, आणि त्याला दरवाजा नसतो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं आपल्याकडे पूर येतो की नाही हा वाद इथं मिटवायचा नाही, त्याला चहाची टपरी आहे.

## टप्पा २: निळी रेषा आणि लाल रेषा नकाशावर बघा

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत, नदीकडचा पट्टा निषिद्ध क्षेत्र. निळी आणि लाल यांच्या मधला पट्टा नियंत्रित क्षेत्र, तिथं अटींवर बांधकाम होतं.

गट नंबर घेऊन पाटबंधारे कार्यालयात किंवा तहसीलमध्ये जा आणि आपला गट कुठल्या पट्ट्यात येतो ते बघा. घर बांधायचं, प्लॉट घ्यायचा किंवा घरकर्ज काढायचं असेल तर हे आधी.

"२५ वर्षांतून एकदा" याचा अर्थ २०२१ ला येऊन गेला, आता २०४६ पर्यंत निवांत, असा होत नाही. दरवर्षी चार टक्के शक्यता, मागच्या वर्षी आला असला तरी. निळ्या रेषेवर घर असेल तर १५ वर्षांच्या घरकर्जाच्या काळात एकदा तरी तेवढा पूर येण्याची शक्यता ४६ टक्क्यांच्या आसपास निघते. ३० वर्षांत ती ७१ टक्के होते. लाल रेषेवरच्या घरालाही ३० वर्षांत २६ टक्के शक्यता आहेच. विम्याचा हप्ता महाग की स्वस्त हे या आकड्यांसमोर ठेवून ठरवा.

तपासा: लाल रेषेच्या बाहेर असणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. रेषा नदीच्या पुराची आहे, गटार तुंबून येणाऱ्या पाण्याची नाही. विमा मात्र दोन्ही प्रकारच्या पाण्याला लागू होऊ शकतो.

## टप्पा ३: कुठलं नुकसान कोण भरून देतं ते वेगळं करा

तीन वेगळ्या वाटा आहेत. वहीत तीन पानं करा.

पहिलं पान: शासनाची मदत. ही आपत्ती निवारण निधीच्या निकषांप्रमाणे मिळते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या केंद्रीय निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये, पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली तर ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये, घराला जोडून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये. दुभती गाय किंवा म्हैस मेली तर ३७,५०० रुपये. पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त गेलं असेल तर हेक्टरी ८,५०० जिरायतीला, १७,००० बागायतीला, २२,५०० बहुवार्षिक पिकाला, आणि तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. नदीनं मळी तोडून नेली तर अल्पभूधारकाला हेक्टरी ४७,००० रुपये. मोठ्या पुरानंतर राज्य शासन वेगळा निर्णय काढून यात भर घालतं, पण तो दरवेळी वेगळा असतो. म्हणून पावती फाडल्यासारखी ती रक्कम गृहीत धरू नका.

आकडे एवढ्यासाठी दिले की ही मदत उभं राहायला हात देते, घर बांधून देत नाही. आठ फूट पाण्यात चार दिवस उभ्या राहिलेल्या पक्क्या घराचं फर्निचर, फ्रीज, वायरिंग, फरशी सगळं गेलं, पण भिंती शाबूत राहिल्या, तर "पूर्ण पडलेलं घर" या रकान्यात ते बसत नाही.

दुसरं पान: पीक विमा. तिसरं पान: घर, दुकान, गाडी, जनावरं यांचा विमा. दोन्ही पुढं येतात.

## टप्पा ४: घराची पॉलिसी घेताना

आपल्याकडे फक्त पुराचा असा वेगळा घरविमा सहसा मिळत नाही. विमा नियामकाच्या आदेशानं १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा विकणाऱ्या कंपन्यांकडे "भारत गृह रक्षा" नावाची ठरावीक मजकुराची पॉलिसी असते. आग, वादळ, भूकंप, दरड यांच्याबरोबर पूर आणि पाणी साचणं त्यात मुळातच येतं. नाव तेच मागा. म्हणजे कुणी दुसरंच काही गळ्यात मारणार नाही.

१. विमा बांधकामाचा काढतात, जागेचा नाही. चटईक्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर, एवढी रक्कम धरा. उदाहरणार्थ ८०० चौरस फूट आणि १,८०० रुपये दर धरला तर १४,४०,००० रुपये. गावात जागेला काय भाव आहे याचा इथं संबंध नाही, आणि दहा वर्षांपूर्वी घराला काय खर्च आला होता याचाही नाही.

२. बांधकामाचा विमा असला की घरातल्या सर्वसाधारण सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, आपोआप संरक्षण मिळतं. वरच्या उदाहरणात २,८८,००० रुपये. सामान त्याहून जास्त असेल तर यादी देऊन वाढवून घ्या. दागिने यात आपोआप येत नाहीत, त्यांचं वेगळं मागावं लागतं.

३. भिंती मातीच्या आहेत, छप्पर पत्र्याचं किंवा कौलारू आहे, पुढच्या खोलीत किराणा दुकान आहे, हे अर्जात स्पष्ट लिहा. एजंट "आरसीसी टाकू या, सोपं जातं" म्हणाला तरी टाकू नका. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर भिंतीला हात लावून बघतो.

४. मालकी आणि पॉलिसी एकाच नावावर आहे ना? घर आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही आणि पॉलिसी नातवाच्या नावावर, असं प्रकरण हमखास अडतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा (घराच्या नोंदीचा) काढून आधी नाव नीट करा.

इथं एक चूक मी स्वतः केली आहे. घरकर्ज घेताना बँकेतल्या माणसानं "विमा यातच आहे" असं सांगितलं आणि मी सही केली. पूर येऊन गेल्यावर कागद उघडले तर तो विमा माझ्या जिवाचा होता, घराचा नव्हता. मी मेलो असतो तर कर्ज फिटलं असतं. घर बुडालं त्याचं काही नाही. कर्जाबरोबर आलेल्या पॉलिसीचं पहिलं पान आजच काढा आणि "विमा कशाचा" हा रकाना वाचा.

दुकान, पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र, खतांचं गोदाम यांना घराची पॉलिसी चालत नाही. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" मागा. तिथं मालाची रक्कम कमी लावू नका. दहा लाखांचा माल आणि विमा पाच लाखांचा असेल तर नुकसानीतही साधारण निम्म्याच पैशांचा हिशेब होतो. मालाच्या नोंदीची प्रत दुकानाबाहेर, उंचावरच्या पाहुण्यांकडे ठेवा.

सावधान: नदी इशारा पातळीवर आल्यावर पॉलिसी काढायला धावू नका. पैसे भरल्याची, पॉलिसी सुरू झाल्याची आणि पाणी आल्याची तारीख इतकी जवळ आली की वाद ठरलेलाच. मेमध्ये काढा. आणि नूतनीकरणाची तारीख ऑगस्टमध्ये पडत असेल तर ती जून संपायच्या आत भरून टाका.

## टप्पा ५: पीक, जनावरं, गाडी

पीक विम्याबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत, म्हणून नीट वाचा.

ऊस प्रधानमंत्री पीक विमा योजनेत आपल्या राज्यात नाही. उसावर पीककर्ज काढलं म्हणून त्याचा पीक विमा झाला असं समजू नका. आपल्या पूरपट्ट्यातलं मुख्य पीकच ऊस, त्यामुळे ही योजना आपल्याला सोयाबीन, भुईमूग, भात असल्या पिकांपुरती.

एक रुपयात विमा आता नाही. खरीप २०२५ पासून खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना पाच टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्यानं भरायचा आहे. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) आणि ई-पीक पाहणी (मोबाइलवरून केलेली पिकाची नोंद) दोन्ही लागतात.

त्याच हंगामापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर, ठरू लागली. याचा पूरपट्ट्यातल्या माणसासाठी अर्थ असा: प्रयोग महसूल मंडळ (काही गावांचा गट) धरून होतात. तुमचं नदीकाठचं सोयाबीन आठ दिवस पाण्याखाली कुजलं, पण मंडळातल्या माळरानावर पीक चांगलं आलं, तर मंडळाचं सरासरी उत्पन्न भरपाईसाठी ठरवलेल्या पातळीखाली जात नाही आणि तुम्हाला काही मिळत नाही. यात कुणी पैसे खाल्ले नाहीत. योजनेची रचनाच तशी आहे. भात पाण्याखाली जाणं खरीप २०२६ पासून स्थानिक आपत्तीत (एकेका शेताचं नुकसान बघून भरपाई देण्याच्या तरतुदीत) पुन्हा धरणार असल्याचं केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. आपल्या जिल्ह्याच्या त्या हंगामाच्या अधिसूचनेत ते कसं उतरलंय हे हप्ता भरण्याआधी कृषी कार्यालयात विचारा. स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते, मदत क्रमांक १४४४७.

तपासा: ई-पीक पाहणी बहुधा ऑगस्टमध्ये सुरू होते आणि पूर जुलैतही येतो. म्हणून पेरणी उगवली की तारीख आणि ठिकाण उमटणाऱ्या कॅमेऱ्यानं बांधाच्या चारही कोपऱ्यांतून फोटो काढून ठेवा.

जनावरांच्या विम्यात सगळं कानातल्या बिल्ल्यावर चालतं. बिल्ला पडला असेल तर आजच पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून नवा मारून घ्या आणि विमा कंपनीला नवा क्रमांक कळवा. मेलेल्या जनावराचा बिल्ल्यासह फोटो आणि शवविच्छेदनाचा दाखला याशिवाय क्लेम पुढं जात नाही. घाईत पुरून टाकलेल्या म्हशीचा क्लेम मिळवून देता येत नाही, कितीही वशिला असला तरी.

गाडी आणि ट्रॅक्टर: फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं नुकसान मिळत नाही, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग पॉलिसीत हवा. आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघू नका. स्टार्टर मारला की इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि इंजिन संरक्षणाचं जादा कलम नसेल तर तेवढा खर्च कंपनी नाकारते. टोचन करून गॅरेजला न्या.

## टप्पा ६: मे महिन्यातली पिशवी

एक जाड प्लास्टिकची पिशवी. आत सातबारा, आठ-अ, नमुना ८ चा उतारा, पॉलिसीच्या प्रती, हप्त्याच्या पावत्या, आधार, पासबुकाचं पहिलं पान, जनावरांच्या बिल्ल्यांचे क्रमांक. सगळ्याचे फोटो मुलाच्या किंवा मुंबई-पुण्यातल्या भावाच्या फोनवर.

मग घरातून फिरत एक चित्रफीत काढा. प्रत्येक खोली, कपाटाची दारं उघडून, फ्रीज-टीव्ही-गिरणीच्या पाठीमागचे अनुक्रमांक दिसतील अशी. तारीख तोंडानं बोला. दहा मिनिटांचं काम आहे, आणि "तुमच्या घरात एवढं सामान होतं कशावरून?" या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. बिलं सापडत नसतील तर दुकानदाराकडून दुसरी प्रत आत्ताच मागा. पूर आल्यावर तो दुकानदारही पाण्यात असतो.

आधार बँक खात्याला जोडलंय का तेही याच महिन्यात बघा.

## टप्पा ७: पाणी चढत असताना

इथं विमा दुय्यम. तक्त्यातली रस्त्याची ओळ आली की निघायचं. "यंदा एवढं चढत नाही" हे वाक्य २०१९ मध्येही बोललं गेलं होतं. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी सुटकेची नाव उलटून माणसं गेली, ती शेवटच्या क्षणी निघायची वेळ आली म्हणून.

जाताना मुख्य स्वीच बंद, गॅस सिलिंडर बांधून, जनावरं आधी. जनावरं नेता आली नाहीत तर निदान दावं सोडा.

नुकसान कमी करण्यासाठी तुम्ही काय केलं हेही क्लेममध्ये बघितलं जातं. सामान माळ्यावर चढवलं, मोटर काढून आणली, त्याचे दोन फोटो काढा. त्यासाठी थांबू मात्र नका.

## टप्पा ८: पाणी ओसरल्यावर, याच क्रमानं

सर्वात जास्त पैसे इथं बुडतात, कारण घरात पाय ठेवल्याबरोबर माणूस झाडू हातात घेतो. समजू शकतं. तरी आधी पुढची कामं.

१. आत जाण्याआधी वीज तोडलेली आहे का बघा. काठी आपटत जा, साप कपाटात आणि भांड्यांत बसलेले असतात.

२. भिंतीवर पाण्याची रेघ दिसते तिथं मोजपट्टी धरून फोटो. प्रत्येक खोलीत. ही रेघ पहिल्या धुण्यात जाते.

३. वस्तू जिथं पडल्यात तिथंच त्यांचे फोटो, मग यादी: वस्तू, कधी घेतली, अंदाजे किंमत.

४. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. एजंटला सांगणं म्हणजे कंपनीला कळवणं नव्हे. कंपनीच्या क्रमांकावर फोन करा, क्लेम क्रमांक मिळवा, तो लिहून ठेवा. भारत गृह रक्षात नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत क्लेमचा फॉर्म द्यायचा असतो. फोन केला म्हणजे फॉर्म भरला असं धरू नका.

५. कुजकी वस्तू घरात ठेवणं शक्य नसेल तर कंपनीला मेसेज किंवा मेल करून सांगा: "अमुक वस्तू आरोग्यासाठी टाकत आहे, फोटो जोडले आहेत." मग टाका. फ्रीज, टीव्ही, मोटर, इन्व्हर्टर या वस्तू भंगारवाल्याला देऊ नका. पूर ओसरला की त्याचा टेम्पो सर्व्हेअरच्या आधी गल्लीत येतो.

६. मग तलाठ्याला (नवं पद ग्राम महसूल अधिकारी) पंचनाम्यासाठी कळवा. पंचनामा होताना घरात हजर राहा. "अंशतः" लिहिलंय की "पूर्णतः", किती खोल्या, किती दिवस पाणी, हे वाचल्याशिवाय सही करू नका. सहीनंतर प्रत मागा, किमान फोटो तरी घ्या. नंतर यादीत नाव आलं की विशिष्ट क्रमांक मिळतो, त्यावर सेवा केंद्रात ई-केवायसी करायला सांगितलं तर लगेच करा. यादीत नाव असून केवळ याच कारणानं पैसे अडकलेली माणसं प्रत्येक गावात सापडतील.

७. सर्व्हेअर आल्यावर यादी, चित्रफीत आणि फोटो त्याच्या समोर ठेवा. त्यानं मागितलेले कागद तोंडी ऐकून घेऊ नका, लिहून किंवा मेसेजवर मागा. दुरुस्तीचं अंदाजपत्रक गवंड्याकडून सहीनिशी घ्या. ढिगारा हलवायचा खर्च पॉलिसीत क्लेमच्या दोन टक्क्यांपर्यंत मिळतो, तो मागायला बहुतेक जण विसरतात.

सावधान: कोऱ्या फॉर्मवर किंवा "पूर्ण व अंतिम" लिहिलेल्या कागदावर रक्कम न वाचता सही करू नका.

घरातलं माणूस पुरात बुडून किंवा साप चावून गेलं असेल आणि घर शेतकऱ्याचं असेल, तर शासनाची मदत वेगळी आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे दोन लाख वेगळे. तो प्रस्ताव ३० दिवसांत द्यायचा असतो, आणि दुःखाच्या महिन्यात नेमका तोच राहतो. शेजाऱ्यानं, पाव्हण्यानं एवढं काम अंगावर घ्यावं. खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचेही दोन लाख आहेत, बँकेत विचारा.

## टप्पा ९: क्लेम नाकारला किंवा फारच कमी दिला तर

पहिल्यांदा कारण लेखी मागा. "वरून नाही म्हणाले" हे कारण नाही. पॉलिसीतलं कुठलं कलम लावलं, ते पत्रात यायला हवं. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागा.

मग कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार. तिथं काम झालं नाही तर विमा नियामकाचं "बिमा भरोसा" आहे, फोन १५५२५५. तरीही ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूर-सांगलीकरांसाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. तिथं फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीनं नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि त्याच प्रकरणात ग्राहक आयोगात किंवा कोर्टात गेलेलं नसावं. म्हणून आधी कुठं जायचं ते ठरवा. शासनाच्या मदतीची तक्रार लोकपालाकडे चालत नाही, ती तहसीलदाराकडेच.

लोकपालाकडे जाताना सोबत न्यायच्या कागदांत दोन गोष्टी बहुतेकांकडे नसतात: कंपनीला पहिल्यांदा कळवल्याची तारीख-वेळ, आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा मोजपट्टीसह फोटो. क्लेम क्रमांक ज्या पानावर लिहिला त्याच पानावर कुणाशी बोललात, किती वाजता, ते लिहीत चला.